दोन जिवांच्या बाईची दाढ

नगरला सुईणपणाचं शिक्षण घेत असताना आमच्या मोठ्या बाईंनी आम्हा मुलींना एक शिस्त लावली होती. गरोदर बाई समोर आली की आधी तिला तोंड उघडायला सांगायचं. दात बघायचे, हिरड्या बोटानं दाबून बघायच्या, रक्त येतं का, पू येतो का, आणि मगच पोटाला हात लावायचा. तोंडात काही सडत असलं तर बाई धड जेवत नाही, आणि आईच जेवली नाही तर पोटातलं मूल वाढणार कशावर, एवढं साधं त्यांचं म्हणणं होतं. मला ते पटलं होतं. पुढे तिसगावच्या सरकारी दवाखान्यात माझी नेमणूक झाली तेव्हा ही शिस्त मी सोबत घेऊन गेले, आणि पहिल्याच आठवड्यात माझं हसं झालं.

पहिली गरोदर बाई आली तिला मी म्हटलं, "आ करा."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग सोबत आलेल्या जावेकडे बघितलं. मग दोघींनी तोंडाला पदर लावला.

"आवं बाई, पोर काय तोंडातनं येनार हाय व्हय?" जाऊ म्हणाली.

ओसरीवर बसलेल्या सगळ्या बायका हसल्या. शिपाईसुद्धा हसला. त्यानंतर कितीतरी दिवस एखादी पोटुशी बाई आत आली की बाहेरून कुणीतरी हमखास म्हणायचं, "आ कर गं, आ कर, पोर बघत्यात." मी कानाआड करायची. पण राग यायचा, कारण त्या हसऱ्या तोंडांच्या आत काय होतं ते मी रोज बघत होते. सुजलेल्या, जांभळ्या पडलेल्या हिरड्या. हललेले दात. उलट्यांनी आंबलेलं तोंड. आणि या सगळ्यावर मिसरीचा काळा थर. तव्यावर तंबाखू जाळायची, तिची पूड करायची आणि ती बोटानं दातांना घासत बसायचं. सकाळी एकदा, दुपारी भाकरीनंतर एकदा, आणि मधेच कधी जीव कंटाळला की पुन्हा. मिसरी सोडा म्हटलं की त्या म्हणायच्या, "व्हय बाई." मिठाच्या कोमट पाण्यानं चुळा भरा म्हटलं की, "व्हय बाई." कडुलिंबाची काडी चावून मऊ करा आणि तिनं घासा. "व्हय बाई." पुढच्या खेपेला पाहावं तर तोंड होतं तसंच. नाही म्हणणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं. व्हय म्हणून उठून जाणाऱ्याचं काय करावं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

आणि वर सगळ्यांचं एक ठाम मत होतं की बाळंतपणात बाईचे दात जायचेच. दोन-चार लेकरं झाली की बाई बोळकी होणार, त्यात रडायचं काय? आमचे डॉक्टरही थोडेफार याच मताचे होते. वयानं मोठे, स्वभावानं चांगले, हिवतापाच्या रोग्यांनी गांजलेले गृहस्थ. मी त्यांना दातांचं सांगायला गेले की ते चष्मा पुसायला घ्यायचे.

"बाई, लढाई चालू आहे. माझ्याकडे क्विनाईन नाही. तुम्ही दातांचं काय घेऊन बसलात?"

त्या वर्षी पाथर्डीच्या बाजूला एका वस्तीवर राहणारी एक सून माझ्याकडे आली. वीस-एकवीस वर्षांची असेल. पहिलटकरीण नव्हती. आधीचं एक मूल दोन महिन्यांचं होऊन गेलं होतं. नवरा पलटणीत होता, कुठल्या देशात ते घरात कुणाला नीट माहीत नव्हतं. रजेवर येऊन गेला आणि त्यानंतर तिला दिवस गेले. सोबत सासू होती. उंच, ताठ बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. सून बोलायच्या आधी तिच्या वतीनं उत्तर द्यायची सवय.

मी "आ करा" म्हटलं आणि हसण्याची वाट पाहिली. कुणी हसलं नाही. सुनेनं तोंड उघडलं, पण अर्धवटच. खालच्या बाजूची डावीकडची दाढ मधोमध पोकळ झाली होती. भोवतीची हिरडी टरारली होती. मी नुसतं बोट लावलं तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"जेवता का नीट?" मी विचारलं.

"जेवती की," सासू म्हणाली.

"मी त्यांना विचारलं, मावशी."

सुनेनं सासूकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "एका अंगानं चावती. भाकर न्हाई चावत. कालवनात बुडवून गिळती."

"मिसरी?"

"लावती. लई ठनकतं, बाई. मिसरी लावली की बधिर हुतं, मंग काम उरकतं."

एवढं खरं उत्तर मला तिसगावात पहिल्यांदाच मिळालं होतं. मी सासूला समजावलं. ही दाढ काढायला हवी. आता पाचवा महिना सरतोय, हा काळ त्यासाठी बरा. पुढे पोट जड झालं की हाल होतील, आणि आत पू साचला तर ताप भरेल, मुलालाही धोका. सासूनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"दोन जिवांच्या बाईच्या अंगातनं काय उपटायचं नसतं," ती म्हणाली. "बाळंत होऊ द्या. मंग बगू."

"बाळंत होईपर्यंत ही दाढ थांबणार नाही, मावशी."

"थांबंल."

मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दाढ पाहिली, मान हलवली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "माझ्याकडे हिरडी बधिर करायचं औषध नाही. आणि उद्या तिचं पोट पडलं तर लोक म्हणतील डॉक्टरनं दाढ काढली म्हणून पडलं. तुम्ही नगरला नेणार असाल तर न्या. पण मी सांगितलं म्हणून नेऊ नका."

म्हणजे सासू म्हणाली तेच, फक्त शुद्ध भाषेत. मी लवंगेचं तेल कापसाला लावून पोकळीत भरलं, मिठाच्या चुळा सांगितल्या, दूध, ताक, शेवग्याचा पाला, तीळ कुटून खायला सांगितले. दोघी "व्हय" म्हणाल्या.

त्यानंतर जमेल तेव्हा मी वस्तीवर जायला लागले. वाट ओढ्यातून होती, चपला हातात घेऊन जावं लागायचं. गेले की सासू अंगणात बाज टाकायची, पण घरात या म्हणायची नाही. मी ख्रिस्ती. हात धुवायला पाणी मागितलं की ती लांबून, वरून तांब्या ओतायची, माझ्या हाताला तांब्याचा काठ लागू न देता. हे मला नवं नव्हतं. त्याचा राग धरत बसले असते तर त्या भागात एकही बाळंतपण माझ्या हातून झालं नसतं. राग यायचा तो दुसऱ्याच गोष्टीचा. मी सांगितलेलं दूध सून पीत नव्हती. ते तापवून विरजायला जायचं आणि तूप होऊन पलटणीतल्या पोरासाठी डब्यात साठायचं. पोरगा कुठल्या मुलखात आहे याचा पत्ता नाही आणि तुपाचा डबा तयार.

"तो काय खातोय ते सरकार बघेल," मी म्हटलं. "ही काय खाते ते तुम्ही बघा."

"तुमाला लेकरू न्हाई, तुमाला न्हाई कळायचं," सासू म्हणाली.

त्या दिवशी मी चपला हातात घ्यायला विसरले आणि ओढ्यातून तशीच गेले.

मग एका सकाळी सासरा दवाखान्याच्या दारात येऊन उभा राहिला. त्याला मी बोलताना फारसं ऐकलं नव्हतं. शेतातून आलेला तसाच होता, पायाला माती.

"पोरीचं तोंड उघडंना," तो म्हणाला. "पानी गिळवंना."

मी गेले. सुनेचा डावा गाल डोळ्यापर्यंत सुजला होता, कातडी ताणून चकाकत होती. अंगात ताप. तोंड बोटभरही उघडत नव्हतं. सासूनं गालाला बिब्बा आणि हळदीचा लेप लावला होता, त्यानं कातडीही भाजली होती. मला संताप आला. पोटाला हात लावला, कान लावला. मूल हलत होतं.

"आत्ताच्या आत्ता नगरला न्यायचं," मी सासऱ्याला म्हटलं.

सासू दारात आडवी उभी राहिली. "मी न्हेऊ देनार न्हाई. दाढ काढायची न्हाई. काय हुईल ते हितं हुईल."

सासरा बैल सोडून आणत होता. त्यानं गाडी जुंपली आणि मग बायकोकडे पाहून एवढंच म्हणाला, "पोरगा आला म्हंजी त्याला काय सांगू?"

सासू बाजूला झाली. पण गाडी निघाली तशी ती स्वतःच चढून बसली, सुनेचं डोकं मांडीवर घेऊन. मला कळत होतं की ही मदतीला येत नाही, अडवायला येते आहे.

रस्त्यावर मोटार मिळाली हेच नशीब. पेट्रोल पलटणीला जात होतं, त्यामुळे आमच्या बाजूच्या मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. मागे भलंमोठं पिंप, त्यात कोळसा पेटवलेला, आणि धूर सगळा आतल्या माणसांच्या तोंडावर. करंजीच्या घाटापर्यंत ती कशीबशी आली आणि चढावर थांबली. ड्रायव्हर म्हणाला, भट्टीला दम येऊ द्या, सगळे उतरा. सासऱ्यासकट पुरुष मोटार ढकलायला लागले. मी ड्रायव्हरशी भांडले, आत आजारी गरोदर बाई आहे म्हणून. तो म्हणाला, "बाई, मी काय मुद्दाम थांबवली व्हय?" खरंच होतं त्याचं. पण त्या दिवशी माझ्याशी खरं बोलणाऱ्या कुणाचाच मला उपयोग नव्हता.

सुनेला आत बाकड्यावर निजवून ठेवलं होतं. मी आणि सासू बाहेर कडुलिंबाखाली बसलो. मी घाटाकडे बघत होते. तिच्याशी बोलायची माझी इच्छा नव्हती. तीच बोलली, सुनेला ऐकू जाऊ नये म्हणून खालच्या आवाजात.

"माजी थोरली ल्येक हुती. आशीच दोन जिवांची, हितं माहेरी आल्ती. दाढ दुकती म्हनून रडायची. तिसगावच्या बाजारात त्यो चादर टाकून बसायचा, दात काढनारा. मीच न्हेली तिला. म्या धरलं, आन त्यानं काढली."

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"रगत थांबंना. मंग गाल सुजला, मान सुजली. लेकरू पोटातच ग्येलं. मंग ती बी ग्येली."

"मावशी, हे मला आधी का नाही सांगितलं?"

"कवा सांगू? ही पोर सारखी संगं. पोटुशीच्या म्होरं असलं बोलू का?"

इतके दिवस मी या बाईला हट्टी म्हणत होते, अडाणी म्हणत होते, दवाखान्यात डॉक्टरांपाशी तिच्या नकला केल्या होत्या. आता माझा सगळा राग हातात तसाच राहिला आणि तो टाकायला जागा सापडेना. मी तिला सांगितलं की त्या दात काढणाऱ्याचा चिमटा कधी उकळत्या पाण्यात पडला नसेल. दाढ काढल्यानं तिची लेक गेली नाही, घाणीनं गेली. नगरला हत्यारं कशी उकळतात, हात कसे धुतात, ते तिला दाखवेन म्हटलं.

"मला आत बसू देतील?"

"मी बसवते."

असं म्हणाले खरी, पण ते माझ्या हातात नव्हतं. मोटार पुन्हा सुरू झाली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

नगरच्या बायकांच्या दवाखान्यात ज्या डॉक्टरीणबाई होत्या त्यांच्या हाताखाली मी शिकताना काम केलं होतं. त्यांनी सुनेचा गाल पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "इतका उशीर?" मी कारण सांगत बसले नाही. सासूला आत बसू द्या, एवढं मागितलं. त्यांना ते आवडलं नाही. नातेवाईक आत नकोत हा त्यांचा नियम होता, आणि मीही एरवी तो पाळला असता.

"ती मधे पडली तर?"

"पडली तर मी तिला बाहेर काढीन."

सासूला हात धुवायला लावले. चिमटे उकळत्या पाण्यातून निघाले ते तिनं पुढे वाकून पाहिले. वाफ तोंडावर आली तरी मागे सरली नाही. डॉक्टरीणबाईंनी हिरडीत बधिर करणारी सुई दिली तेव्हा सून कण्हली आणि सासूनं तिचं मनगट धरलं. मला वाटलं, आता ही ओढणार. पण तिनं नुसतं धरून ठेवलं आणि डोळे मिटून घेतले. तोंड उघडायलाच फार वेळ लागला. दाढ हलली आणि त्यासरशी आतला पू बाहेर आला, त्याचा वास सगळ्या खोलीत पसरला. मग रक्त आलं. डॉक्टरीणबाईंनी कापसाची घडी घालून दाबायला सांगितलं.

सासूनं डोळे उघडले. "रगत."

"येणारच. थांबेल."

"कवा?"

"थांबेल म्हटलं ना."

तिनं ते पुन्हा विचारलं, आणि पुन्हा. सुनेला खाटेवर आणून निजवलं तरी ती घडी उचलून बघायची, मी तिचा हात बाजूला करायची. शेवटी मी चिडून म्हटलं, "मावशी, तुम्ही सारखं उचललंत तर थांबलेलं पुन्हा सुरू होईल." त्यावर तिनं दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली घालून ठेवले, मुलं शाळेत बसतात तशी. दवाखान्यातलं पाणी ती प्यायली नाही. मी बाहेर जाऊन रस्त्यापलीकडच्या वाण्याच्या बाईकडून तिच्यासाठी तांब्याभर पाणी मागून आणलं, तर तो तांब्या मी आणला म्हणून तिनं तेही घेतलं नाही. मग सासराच जाऊन घेऊन आला. मी व्हरांड्यात जाऊन बसले. रडावं की ओरडावं ते कळेना.

संध्याकाळपर्यंत घडी कोरडी निघाली. ताप उतरायला आणखी दोन-तीन दिवस गेले. तोपर्यंत सासू खाटेशेजारी खालीच बसून होती, आणि मी रजा न घेता तिसगाव सोडलं म्हणून डॉक्टर माझ्यावर रागावणार हे मला दिसत होतं. एका सकाळी मी आत गेले तर सून उठून बसली होती. गाल उतरला होता. ती मला म्हणाली, "बाई, भूक लागली."

दूधभात आणला. तिनं तो दोन्ही बाजूंनी चावून खाल्ला. भात चावायची गरज नसते, पण ती चावत होती, हळूहळू, लक्ष देऊन. वाटी रिकामी झाली तशी सासू म्हणाली, "आनखी द्या तिला." मी मनात म्हटलं, ही तीच बाई, जिनं दुधाचं तूप केलं.

तिसगावला परत आले तर डॉक्टर रागावले नाहीत. ते दवाखान्यात आलेल्या पाटलांना सांगत होते, "मीच म्हटलं होतं, नगरला न्या." मी कपाट उघडलं आणि बाटल्या पुसायला लागले, म्हणजे त्यांच्याकडे बघावं लागू नये.

सून हिवाळ्यात बाळंत झाली, वस्तीवरच, माझ्या हातावर. मुलगी झाली, अंगानं भरलेली, आवाजानं खणखणीत. या वेळी सासूनं मला घरात घेतलं, बाळंतिणीच्या खोलीपर्यंत. नंतर चहा दिला. कप वेगळाच होता, खुंटीवर टांगून ठेवलेला, काठाला टवका गेलेला, आणि पिऊन झाल्यावर तो मीच विसळून ठेवायचा होता. मी विसळला. नातीचे पाय चोळत ती मला म्हणाली, "घाटात मोटार थांबली तवा म्या खंडोबाला नवस बोलले हुते. त्यानंच तारलं."

"आणि डॉक्टरीणबाई?"

"त्येनंच त्यांस्नी बुद्धी दिली."

या हिशोबात मी कुठे बसते, ते मी विचारलं नाही.

पण त्यानंतर एक झालं. एका रविवारी मी पांढरं लुगडं नेसून प्रार्थनेला निघाले होते, हातात किल्ली, तर ही बाई माझ्या दारात. सोबत दुसऱ्या वस्तीवरची एक पोटुशी पोरगी, तिचं मनगट हिनं घट्ट धरलेलं. पोरीचा चेहरा रडवेला.

"हिची बी दाढ किडलीया," सासू म्हणाली. "हिची सासू न्हाई म्हनती. म्या आनली, तिला न सांगता. बगा."

"मावशी, आज रविवार आहे. दवाखाना बंद. आणि तिच्या सासूला न विचारता आणलंत, उद्या ती माझ्या दारात भांडायला येईल."

"येऊ दे. मी हाय की."

"मला प्रार्थनेला उशीर होतोय."

"तुमचा देव थांबंल," ती म्हणाली आणि पायरीवर बसली. पोरीलाही शेजारी बसवलं. "चिमटा-बिमटा काय आसंल त्यो उकळाया ठेवा. म्या बसते हितं."

दाढ काढणं माझं काम नव्हतं, मला ते येतही नव्हतं, हे तिला मी पूर्वी सांगितलं होतं आणि ती "व्हय बाई" म्हणाली होती. मी पुन्हा सांगितलं. तिनं मान हलवली आणि पोरीला म्हणाली, "भिऊ नगं. बाई रागीट हाय, पन हात हलका हाय."

आमच्या ख्रिस्ती देवळाची घंटा वाजत होती. मी किल्ली कुलपाला लावली, दार पुन्हा उघडलं आणि चुलीवर पाणी ठेवलं, निदान हात धुण्यापुरतं तरी.